'वगळा' नावाचं बटण

जिभाऊ, त्या सॉफ्टवेअरमध्ये 'वगळा' नावाचं बटण कुठेच नव्हतं, आणि मी मात्र पुस्तिकेत सात ठिकाणी ते दाबायला सांगितलं होतं.

सात हा आकडा तुमचा. मी मोजले असते तर तीन निघाले असते, स्वतःच्या चुका मोजताना माझी नजर जरा अधू होते. तुम्ही मात्र प्रत्येक 'वगळा'वर जांभळं औषध लावून पुस्तिका माझ्यापुढे ठेवली होती. जनावरांच्या जखमेला लावतात तेच औषध, काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून. मी म्हटलं, "जिभाऊ, घरात लाल पेन नव्हता का?"

"पेन व्हता. पन हाई जखम शे ना! जखमले पेन लावतस का?"

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. उद्या संध्याकाळपर्यंत प्रशांतला पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीची पानं द्यायची आहेत. सगळी तयार आहेत. फक्त बाराव्या पानावर एका शब्दाची जागा रिकामी आहे, कारण त्या शब्दावरून आपलं भांडण मिटलं नव्हतं. तुम्ही असतात तर अजून दोन महिने भांडलो असतो. आता एकट्यानेच भांडायचं आहे, आणि एकटा भांडूनही मी हरतोय असं दिसतंय.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. तुम्ही ही गोष्ट चारचौघांत सांगायचात तेव्हा माझी बाजू नेहमी गाळायचात. आज मध्येच तोडायला तुम्ही नाही, ही संधी मी सोडणार नाही.

शहाद्याच्या बसस्थानकामागे प्रशांतच्या दोन खोल्या. तिथे तो सॉफ्टवेअर करतो. आपल्या भागातल्या घोडे पाळणाऱ्यांच्या मंडळानं त्याच्याकडून घोड्यांचा डेटाबेस करून घेतला. प्रत्येक घोड्याची एक नोंद, तिच्यात रंग, खुणा, आई, बाप, मालक. संगणक दोन ठिकाणी ठेवले, एक सारंगखेड्याला तुमच्याकडे आणि एक अक्कलकुव्याला ललिताकडे. ललिता डोंगरातल्या गावची, घरात भिली बोलणारी, शाळेत शिकलेलं मराठी अगदी नेटकं वापरणारी मुलगी. तिची ही पहिलीच नोकरी होती. आणि तुम्ही जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर घोड्यांच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस की-बोर्डला कशाला घाबरेल?

पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठीत एम. ए. आणि दहावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. प्रशांत म्हणाला, "सर, तुमचं मराठी चांगलं आहे." या एका वाक्यावर माझ्याकडून काहीही करून घेता येतं.

माझ्या शाळेतले मराठीचे गुरुजी निबंधात एकच शब्द दोनदा आला की गुण कापायचे. ती भीती माझ्या हाडात बसलेली. त्यामुळे पहिल्या परिच्छेदात जी 'नोंद' होती ती दुसऱ्यात 'दाखला' झाली, तिसऱ्यात 'तपशील', आणि पान उलटेपर्यंत 'टिपण'. लिहून झाल्यावर मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान वाटलं ऐकायला. कशाबद्दल आहे?" तिथेच मला कळायला हवं होतं. मी ते कौतुक समजलो.

खरा घोळ दोन बटणांत झाला. 'बंद करा' दाबलं की घोड्याची नोंद जागेवर राहते, तिच्यापुढे बंद असं लागतं आणि शेजारी कारण लिहिता येतं. घोडा विकला गेला, मेला, की हे बटण. 'पुसा' हे दुसरं, चुकून दोनदा झालेली नोंद घालवण्यासाठी. ते दाबलं की नोंद जाते ती कायमची, आणि ती घोडी कुणाची आई असेल तर त्या पिल्लांच्या नोंदीतलं आईचं नावही जातं. दोन बटणं, दोन शब्द, एवढंच लिहायचं होतं. पण 'बंद करा, बंद करा' असं किती वेळा लिहिणार? मी 'हटवा' लिहिलं, 'काढून टाका' लिहिलं, एका ठिकाणी 'निकाली काढा' लिहून स्वतःवर खूश झालो. आणि मेलेल्या घोड्याच्या पानावर लिहिलं, 'अशा नोंदीसाठी वगळा हे बटण दाबावे.'

मग बिजली मेली. तळोद्याच्या बाजूची म्हातारी घोडी, तीन पिल्लांची आई. ललितानं पुस्तिका उघडली, 'वगळा' बटण पडद्यावर शोधलं, सापडलं नाही. मुलगी हुशार, तिनं पुढची पानं चाळली. एकोणिसाव्या पानावर मी दुबार नोंदीबद्दल लिहिलं होतं, 'पुसा हे बटण दाबून नोंद वगळावी.' तिचं कोडं सुटलं. तिनं 'पुसा' दाबलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का?

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन.

"मास्तर, बिजलीना तीन पोरे आते बिनमायना व्हई गयात."

मी कळवळून विचारलं, "अरेरे! कुठे झालं हे?"

"तुन्हा पुस्तकमा."

तुम्ही मला त्याच दिवशी एस.टी.नं अक्कलकुव्याला घेऊन गेलात. घेऊन गेलात म्हणजे जनावर नेतात तसं. कंडक्टरनं सहज विचारलं, काय जिभाऊ, कुणीकडे? तुम्ही भरल्या बसमध्ये माझ्याकडे बोट दाखवलंत. "ह्या मास्तरनी एक घोडी पुसी टाकी. दखाले जाई ऱ्हायनूत." तळोदा येईपर्यंत पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या मान वळवून वळवून माझ्या हातांकडे बघत होत्या.

ललिता पुस्तिका उघडी ठेवून बसली होती. डोळे लाल. मंडळातून सकाळीच निरोप आला होता की ऑपरेटर बदलावा लागेल. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. मीच लिहिलेली ओळ, 'खात्री आहे का असे विचारल्यास न घाबरता हो म्हणावे.'

"मी नाही घाबरले, सर," ती म्हणाली.

जिभाऊ, आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्या आहेत. त्यातल्या एकीनेही एवढं लागलं नाही.

मी काहीतरी सारवासारव करणार होतो. भाषेत समानार्थी शब्द असतातच, वाचणाऱ्यानं थोडं संदर्भानं घ्यायचं असतं, असं वाक्य माझ्या जिभेवर तयारही झालं होतं. तुम्ही ते तोंडातून बाहेर पडण्याआधी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावलात. "पोरगीनी चूक नही. तिनी वाचं तसं करं. चूक लिखनारनी शे, आनि तो मन्हा शेजारे उभा शे. बोला त्याना संगे." आणि फोन माझ्या कानाला लावलात. मी कबूल केलं. ललिताची नोकरी राहिली. मला अध्यक्षांनी जे ऐकवलं त्यात एकही समानार्थी शब्द नव्हता.

मग तुम्ही पिशवीतून दवाखान्याच्या जुन्या वह्या काढल्यात आणि बिजली परत उभी केलीत. रंग कुमैत, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ. पंचकल्याणी, चारही पाय आणि तोंड पांढरं. कपाळावर दोन भोवरे, एकाखाली एक. तुम्ही सांगत होता, ललिता तुमच्या खात्यातून टंकत होती. मी 'तांबूस' ऐवजी 'ताम्रवर्णी' सुचवलं, तर तुम्ही मला बाहेर चहा सांगायला पाठवलंत. चहा आधीच आलेला होता.

मला वाटलं, संपलं. तुमच्या लेखी सुरू व्हायचं होतं. पुढच्या रविवारी तुम्ही मला तापीकाठच्या तबेल्यात नेलंत. एका घोड्यापुढे उभं केलंत आणि म्हणालात, "हाऊ घोडा कागदवर लिख. तुन्हा चांगला मराठीमा." मी लिहिलं. माझं लेखन अजून तुमच्या घरी फळीवर असेल, तुम्ही पाहुण्यांना वाचून दाखवायचात. 'मावळतीच्या रंगाचा, डौलदार मानेचा, बोलक्या डोळ्यांचा.' तासाभरानं तुम्ही आठ-दहा घोडे एका रांगेत बांधलेत, कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, आता तुझा घोडा आण. मला सगळ्यांच्या माना डौलदार दिसत होत्या. डोळे तर सगळ्यांचेच बोलके, आणि सगळे मला एकच गोष्ट सांगत होते. मी मोठ्या आत्मविश्वासानं एकाचा दोर सोडला. तबेल्यातली माणसं हसायला लागली. ती घोडी होती. तिनं माझ्या दंडाला चावा घेतला, आणि तुम्ही, देवमाणूस, खिशातून तेच जांभळं औषध काढलंत.

औषध लावताना तुम्ही बोललात ते मी अजून विसरलो नाही. आज मी ह्याला कुमैत म्हणालो, उद्या लालसर, परवा आणखी काही, तर कागदावर तीन घोडे तयार होतात आणि तबेल्यात एकच असतो. उरलेले दोन शोधत कुणीतरी ललिता फिरते. मी म्हटलं, पण जिभाऊ, तोच तोच शब्द वाचून माणसाला कंटाळा येतो. तुम्ही घोड्याच्या मानेवर थाप मारलीत.

"घोडाले त्यानं नाव आयकीसन कटाळा येस का?"

शब्दांच्या बाबतीत तुम्ही एवढे कडक का, हे मला नंतर तुमच्या बायकोनं, आक्कांनी, सांगितलं. तुमच्या नोकरीचं नाव हुकमात 'व्रणोपचारक', दवाखान्याच्या पाटीवर 'पट्टीबंधक', गावाच्या तोंडी 'कंपाउंडर'. एकदा बदलीच्या कागदावर एक नाव पडलं, हजेरीपटावर दुसरं, आणि दोन महिने तुम्ही कुठल्याच दवाखान्याचे नव्हतात. रोज डबा घेऊन जुन्या दवाखान्यात जायचात, ते म्हणायचे तुमची बदली झाली. नव्यात जायचात, ते म्हणायचे असं पद आमच्याकडे नाही. आक्का हे सांगताना हसत होत्या. तुम्ही मात्र उठून बैलाला पाणी दाखवायला गेलात. दोन महिने आपणच नसलेलं बटण आहोत असं वाटलं असणार तुम्हाला, माणूस असून.

तेव्हापासून दर रविवारी तुमचा ओटा, मध्ये शब्दांची यादी, आणि आपली तोंडं दोन दिशांना. नोंद म्हणजे नोंदच. तिच्यातल्या प्रत्येक घराला रकानाच म्हणायचं, खाना नाही, चौकट नाही. मालक म्हणजे मालक, मी हळूच घुसवलेला 'अश्वधनी' तुम्ही नखानं खरवडून काढलात. एकेका शब्दासाठी तुम्ही ललिताला फोन करायचात. "बेटा, 'शोधा' म्हनं तर तू काय दाबशी?" ती जे सांगेल तेच लिहायचं. एम. ए.चा माणूस समोर बसलेला असताना निकाल अक्कलकुव्याहून यायचा. मी चिडायचो, आक्कांच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खायचो, पुन्हा चिडायचो. खरं सांगू का, आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघायचो. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. भाव वाढला असता तुमचा.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही. दुरुस्त केलेली पुस्तिका छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर लेखक म्हणून एकट्या माझं नाव होतं. प्रशांतनं विचारलं होतं, नाव काय टाकू? मी पटकन स्वतःचं सांगितलं. तुम्ही पुस्तिका हातात घेतलीत, पुढून पाहिलीत, मागून पाहिलीत, आणि म्हणालात, "कागद चांगला शे." बस, एवढंच. तुमच्यासारख्या बोलक्या माणसाचं ते सगळ्यात छोटं वाक्य होतं.

आता बारावं पान. घोडा मेल्यास त्याची नोंद काय करावी? प्रशांत म्हणाला, नव्या आवृत्तीत बटणाचं नावही बदलता येईल, तुम्ही दोघं एक शब्द ठरवा. तुम्ही म्हणालात, 'बंद'. मला ते पटेना. बंद दुकान असतं, बंद नळ असतो. तीन पिल्लं देऊन गेलेल्या घोडीपुढे बंद लिहायचं? मी 'स्मृतिशेष' सुचवलं. तुम्ही इतके हसलात की आक्का पाणी घेऊन आल्या.

"इकायेल घोडी बंद, मरेल घोडीबी बंद. कारन शेजारे लिख, एक शब्दमा. तुन्हा शब्द दखीसन ललिता आखो बटन सोधी."

'कारण एका शब्दात लिहावे' एवढं मी त्या पानावर उतरवलं, पण बटणाच्या शब्दावर चार रविवार गेले. शेवटच्या रविवारी मी यादी आपटून उठलो. चहाही घेतला नाही. पायरी उतरताना रागाच्या भरात म्हणालो, "मग उद्या तुमच्या नावापुढेपण बंद लिहू का?"

तुम्ही जागेवरून न हलता म्हणालात, "मंग काय लिखशी? चालू?"

मी फाटकापाशी गेल्यावर मला हसू आलं. मागे वळलो असतो तर तुम्हाला दिसलं असतं. वळलो नाही. त्या दिवशी खरं तर मी एक गोष्ट सांगायला आलो होतो, नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर दोन नावं घ्यायला मी प्रशांतला सांगितलंय, तुमचं पहिलं. भांडणात राहून गेलं. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. तो रविवार यायच्या आत, शुक्रवारी, आक्कांचा फोन आला.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटताना, तुमच्या घराजवळ मोठा फलक लावला होता. तुमचा फोटो छान होता, पण खाली छापलं होतं 'निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी'. म्हणजे चौथं नाव, आणि बढतीही. मी आक्कांना हळूच म्हटलं, हे चुकलंय. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. त्यासनी दखं असतं तर जांभळं लायीसन टाकतात." आणि रडता रडता आम्ही दोघं हसलो. लोक बघत होते. मला वाटतं, तुमच्या दारात एवढं तरी चालायला हवं.

आज दुपारी प्रशांतनं बोलावलं. सारंगखेड्याचं काम आता ललिताकडे दिलंय, ती अक्कलकुव्याहून आली होती. सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाचं खातं आहे, त्याचं काय करायचं ते ठरवायचं होतं. पडद्यावर तुमचं नाव, आणि खाली तीच दोन बटणं. बंद करा. पुसा.

प्रशांत म्हणाला, "पुसलं तर यांनी केलेल्या सगळ्या नोंदींत 'नोंदवणारा' हा रकाना रिकामा होईल."

मी माउस त्याच्या हातातून घेतला.  दाबायचं बटण या वेळी मला पक्कं ठाऊक होतं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का? मी 'हो' दाबलं, घाबरत घाबरत. तुमच्या नावापुढे बंद असं आलं. मग मी बिजलीची नोंद उघडली. कुमैत, पंचकल्याणी, कपाळावर दोन भोवरे, तिन्ही पिल्लं जागेवर, बिजलीच्या नावापुढेही बंद. आणि तळाशी, नोंदवणारा, तुमचं नाव. तसंच्या तसं. पुढची उघडली, तिच्यातही. किती उघडल्या कोण जाणे. प्रशांत शेवटी म्हणाला, "सर, सगळ्यांत आहेत ते."

जिभाऊ, बाराव्या पानावर आत्ता तुमचा शब्द लिहिला. भांडण तुम्ही जिंकलात. 'स्मृतिशेष' मी परत घेतो, आणि ताम्रवर्णीही.

दुपारी तिथे एकच काम उरलं होतं, तुमच्या नावाशेजारचा कारणाचा रकाना. त्यात मात्र मला मोकळेपणानं लिहावंसं वाटलं. तुमच्यासारख्या माणसासाठी एक बरं वाक्य नको का? मी सुरुवात केली, 'ज्यांच्या जाण्याने तापीकाठचे शब्द पोरके झाले असे आमचे आदरणीय' आणि तिथेच अक्षरं उमटायची थांबली. रकाना भरला होता. मी कळ पुन्हा दाबली, जोरात दाबली, प्रशांतला म्हणालो तुझ्या यंत्रात बिघाड आहे.

मागे उभी राहून ललिता वाचत होती. "सर, कारण एका शब्दात लिहायचं असतं. पान बारा," ती म्हणाली. "पुस्तिका तुम्हीच लिहिलीय ना, की तीपण जिभाऊंनीच?"